मेनूने स्वतःहून जागा बदलू नये

डेस्कटॉपवरच्या प्रोग्रामने वापरणाऱ्याच्या सवयी ओळखून बटणे आणि मेनूतील आज्ञा स्वतःहून हलवाव्यात, असे हल्ली आग्रहाने सांगितले जाते. नेहमीच्या आज्ञा वर आल्याने वेळ वाचतो, लोकांना बदलाची सवय होते आणि चालू प्रोग्राममध्ये बटण हलवणे म्हणजे केवळ त्याच्या स्थानाचे दोन आकडे बदलणे, अशी तीन कारणे त्यासाठी दिली जातात. यांपैकी एकही तपासाला टिकत नाही.

वेळ वाचतो असे म्हणताना वापरणारा दर वेळी यादी वाचतो असे धरले जाते. प्रत्यक्षात रोज काम करणाऱ्याचा हात जागेच्या ओळखीवर चालतो. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०००मध्ये याच्या जवळचा प्रयोग केला होता. 'टूल्स' हा मेनू उघडला की आधी छोटी यादी दिसे, क्षणभर थांबले किंवा तळाच्या दुहेरी बाणावर क्लिक केले की पूर्ण यादी उलगडे, आणि लपलेल्या आज्ञा मध्येच प्रकटल्यामुळे आत्ताच तिसऱ्या जागी पाहिलेली आज्ञा पाचव्या जागी गेलेली असे. लिआ फाइंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनेर या संशोधकांनी २००४ साली केलेल्या तुलनेतही आपोआप बदलणाऱ्या मेनूपेक्षा स्थिर मेनू वेगवान ठरला. बहुसंख्यांची पसंती मात्र स्वतःच्या हाताने बदलता येणाऱ्या मेनूला होती.

सवयीच्या मुद्द्याबद्दल एवढेच, की सवय लागायला जागा टिकावी लागते.

तिसरे कारण मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यात डोळ्यांनी पाहून माउसने काम करणाऱ्यापलीकडे कोणाचाच विचार नाही. विंडोजवरचे प्रोग्राम बनवण्याच्या 'विंडोज फॉर्म्स' या साधनात बटणाचे स्थान बदलले, तरी त्याचा टॅबइंडेक्स, म्हणजे टॅब कळ दाबत गेल्यावर त्याची पाळी कधी येते हे ठरवणारा क्रमांक, जुनाच राहतो. 'जतन करा' हे बटण वर नेले आणि हा क्रमांक बदलायचा राहिला, तर टॅब दाबणाऱ्याला जुन्याच क्रमाने सगळे रकाने ओलांडून तिथे पोहोचावे लागते. पडद्यावर एक क्रम आणि कळफलकावर दुसरा, अशी फारकत होते.

नेहमीच्या गोष्टी जवळ आणायच्याच असतील, तर त्यांची प्रत वर ठेवावी आणि मूळ जागेला हात लावू नये. वर्डच्या फॉन्टयादीत अलीकडे वापरलेले फॉन्ट वर दिसतात, पण खालची वर्णानुक्रमाची यादी जशीच्या तशी राहते. वापरणाऱ्याने स्वतः टूलबार ओढून हलवला, तर ती मांडणी पुढच्या वेळीही तशीच मिळाली पाहिजे. क्यूटी या प्रोग्राम बनवण्याच्या साधनात त्यासाठी मांडणी जतन करणारे सेव्हस्टेट आणि ती परत आणणारे रिस्टोअरस्टेट आहेत, फक्त प्रत्येक टूलबारला स्वतंत्र ऑब्जेक्टनेम, म्हणजे प्रोग्रामला तो ओळखता येईल असे नाव, द्यायला विसरू नये.