‘चार थेंब’ आणि दहा एकर : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘वास्तववादी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकास,

स. न. वि. वि.

पुण्यातल्या आंबिल ओढ्यालगतच्या दहा एकरांवर नियोजित गृहप्रकल्प झाला, तर तेथे साचणारे पावसाचे पाणी कोठे जाईल, असा प्रश्न विचारणारा मी जो लेख लिहिला, त्यावरची आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. प्रकल्पात पर्जन्यजल पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचे पाणी खड्ड्यांतून जमिनीत मुरवण्याची, सोय आहे, रस्त्याखाली नवी पावसाळी वाहिनी टाकली जाणार आहे, सल्लागाराचा अहवाल सादर झालेला आहे आणि आमची घरेही कधीकाळी शेतातच उभी राहिली, असे आपले एकंदर म्हणणे आहे. हे सारे सभ्य भाषेत सांगता आले असते. आपण मात्र सुरुवातच ‘चार थेंब पडले की गळा काढणारे रिकामटेकडे पेन्शनर’ अशी केली आहे, तेव्हा उत्तरही तेथूनच सुरू करणे भाग आहे.

पेन्शन घेणे हा गुन्हा असल्याचे मला ठाऊक नव्हते. माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. कालव्याची पातळी, मोरीचे गाळे आणि विसर्गाची गणिते यांतच केस पांढरे झाले. टोपणनावाच्या आडून मला पाण्याचे धडे देण्यापूर्वी आपला या विषयाशी संबंध काय, एवढे तरी आपण सांगायला हवे होते.

आता ते चार थेंब. कात्रजच्या डोंगरातून निघून मुठेला मिळणारा हा ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री फुगला, तेव्हा अरण्येश्वर परिसरातील टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली आणि ओढ्याकाठच्या सोसायट्यांमधून गाड्या वाहून गेल्या. आपण त्या रात्री पुण्यात नसाल, तर आपल्या भाषेबद्दल मी आपल्याला माफ करतो. असाल, तर ती भाषा आपल्याला सुचली कशी, हे मला समजत नाही.

ओढ्याकाठच्याच आमच्या सोसायटीत त्या रात्री पाणी प्रथम काठावरून आले नाही. ते अंगणातल्या पावसाळी चेंबरचे लोखंडी झाकण उचलून वर आले, गढूळ, थर्माकोलच्या तुकड्यांसकट. ओढा काठाबाहेर पडला तो त्यानंतर. याचा अर्थ असा की ओढ्याची पातळी वाहिनीच्या मुखापेक्षा वर गेली, की वाहिनी वस्तीतले पाणी बाहेर टाकेनाशी होते आणि उलट ओढ्याचेच पाणी वस्तीत आणू लागते. आपण ज्या नव्या वाहिनीचा एवढ्या अभिमानाने दाखला दिला आहे, तिचे मुखही याच ओढ्यात, आमच्या वरच्या अंगाला सोडायचे आहे.

हिशेबच हवा असेल तर तोही देतो. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका हेक्टरवर पाच लाख लिटर पाणी पडते. गवताळ मोकळ्या जमिनीवरून त्यातले साधारण तीस टक्के वाहून जाते असे धरले आणि छपरे, काँक्रीट व डांबर यांवरून नव्वद टक्के, तर दर हेक्टरी तीन लाख लिटरांची भर पडते. दहा एकर म्हणजे जवळपास चार हेक्टर. म्हणजे तासाभरात बारा लाख लिटर, दहा हजारी टँकर म्हटले तर एकशेवीस. आपले पुनर्भरणाचे खड्डे हे पाणी पिणार, असे आपण म्हणता. पुण्याखालचा मुरूम सप्टेंबरपर्यंत भिजून तट्ट झालेला असतो आणि त्याखाली काळा कातळ असतो. खड्डा भरला, की पुढचे पाणी जायचे तेथेच जाते.

शिवाय ती जागा आजवर सखल होती म्हणून पावसाचे पाणी तेथे तासन्‌तास साचून हळूहळू ओसरत असे. आता तीवर डंपरने भराव पडतो आहे. पाण्याची ती जागा गेली, की ते आमच्या तळमजल्यांखेरीज दुसरीकडे कोठे जाईल, हा माझ्या लेखाचा एकमेव प्रश्न होता, आणि आपल्या प्रदीर्घ प्रतिक्रियेत त्याला एका ओळीचेही उत्तर नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. आमच्या सोसायटीनेही अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून माती झाकली आहे, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. सर्वसाधारण सभेत मी त्या ठरावाच्या विरोधात मत दिले होते, हा भाग वेगळा. आमची घरेही शेतातच बांधली गेली, या मुद्द्याला उत्तर देण्याची मला आवश्यकता वाटत नाही. ‘विकासविरोधी’ या शिक्क्यालाही नाही. तो हल्ली कोणालाही फुकट मिळतो.

अहवाल आपण वाचलेला दिसतो, निदान तसा आपला सूर आहे. त्यात नव्या वाहिनीच्या मुखाची पातळी आणि २०१९ च्या पुरातली ओढ्याची पातळी शेजारी शेजारी दिलेली असेल, तर तेवढे पान येथे टाकावे. शेरेबाजीसह टाकले तरी चालेल. ते पान पाहीपर्यंत भरावावरची माझी लेखी हरकत मी मागे घेणार नाही.

कळावे.