एलिझाबेथचं माहेर कोणतं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सावकाश, दोनदा वाचली. इंग्लंडमधून वसाहतकऱ्यांना घेऊन गेलेल्या मेफ्लॉवर जहाजातून १६२० साली अमेरिकेत गेलेल्या जॉन हाऊलंडच्या घराण्यावर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. त्याची बायको एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची (त्यांच्या प्लिमथ वसाहतीचा पहिला प्रमुख, हाऊलंड त्याचाच चाकर) मुलगी असं प्लिमथमधल्या हाऊलंडच्या जुन्या स्मृतिशिळेवर कोरलेलं असताना मी तिला त्याच जहाजातल्या टिलींची मुलगी म्हटलं. हाऊलंडच्या मृत्यूचं साल एकदा १६७२, एकदा १६७३ दिलं. आणि परक्या देशातल्या एका चाकराची वंशावळ मराठीत कशाला?

सालाबाबत चूक माझीच. तो गेला २३ फेब्रुवारीला. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, जसा आपला शक पाडव्याला बदलतो. म्हणून त्यांच्या लेखी ते १६७२, आपल्या हिशेबाने १६७३. हे तिथेच सांगायला हवं होतं. दुरुस्ती केली आहे.

शिळेबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. ती शिळा वंशजांनी बसवली एकोणिसाव्या शतकात, हाऊलंड जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाल्यावर, घरात चालत आलेल्या समजुतीवरून. त्यांना दोष देता येत नाही, कारण खरा कागद त्यांच्यासमोर नव्हताच. त्याच जहाजातून आलेल्या विल्यम ब्रॅडफर्डने साधारण १६५० च्या सुमारास प्रत्येक प्रवाशाचं पुढे काय झालं ते लिहून ठेवलं होतं. ते हस्तलिखित अमेरिकेतून नाहीसं झालं आणि १८५५ साली लंडनच्या बिशपच्या फुलहॅममधल्या ग्रंथालयात सापडलं. त्यात स्वच्छ लिहिलंय: हाऊलंडने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं, दोघं हयात आहेत, दहा मुलं, दहाही जिवंत. हे लिहिणारा माणूस त्या दोघांना रोज बघत होता. ही समजूत खोडणारी नवी शिळाही पुढे बसली.

दुसरा पुरावा खुद्द एलिझाबेथचा. १७ डिसेंबर १६८६ च्या मृत्युपत्रात तिने आपलं वय एकोणऐंशी सांगितलं आहे. वजाबाकी केली की १६०७ येतं, आणि बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या वहीत एलिझाबेथ टिलीच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे ऑगस्ट १६०७ ची. इंग्लंडमधली वही आणि अमेरिकेतलं मृत्युपत्र, मधे सारा अटलांटिक, आणि आकडा जुळतो. त्याच मृत्युपत्रात लिडिया या लेकीला तिने आपली सगळ्यात चांगली पिसांची गादी आणि हिरवी रग दिली आहे. ती ओळ वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो.

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर यातच आहे. पहिल्या हिवाळ्यात त्या जहाजातली जवळजवळ निम्मी माणसं गेली. त्यांत एलिझाबेथचे आईवडील होते, काका-काकूही. ती तेरा वर्षांची होती. मोठ्या माणसाशी नातं जोडायच्या हौसेपायी तिचं खरं माहेर पुसलं गेलं. आपल्याकडेही वंशावळीत मुलगे सगळे असतात आणि सुनेच्या नावापुढे माहेरचं आडनाव बहुधा नसतं. माझ्या पणजीचं माहेर आज आमच्या घरात कुणालाही सांगता येत नाही. तुमच्या पणजीचं ठाऊक असेल तर आजच लिहून ठेवा.