‘समाजशास्त्रात काय, सगळं ठाऊकच असतं’ म्हणणाऱ्यांना

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. समाजशास्त्र म्हणजे आजीलाही ठाऊक असलेल्या गोष्टी जड शब्दांत सांगणं. त्यातले सिद्धांत एकमेकांनाच खोडून काढतात. संशोधन म्हणाल तर एक गूगल फॉर्म करायचा आणि जमतील तितक्या लोकांकडून भरून घ्यायचा. प्रयोग करता येत नाहीत, तेव्हा नावातलं ‘शास्त्र’ शोभेपुरतं. मूल कला शाखेला गेलंच तर हा विषय पाठ करून मार्क मिळवायला बरा, अशी शेवटी सूचना.

आधी ‘ठाऊकच असतं’ हे बघू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं आपल्याच सैनिकांची प्रचंड मोठी पाहणी करून घेतली. समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर आणि सहकाऱ्यांनी ती १९४९ साली प्रसिद्ध केली. तिचं परीक्षण लिहिताना दुसरे समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी सुरुवातीला काही निष्कर्ष मांडले. शिकलेल्या सैनिकांत मानसिक त्रासाची लक्षणं कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त. खेड्यातून आलेले सैनिक शहरी सैनिकांपेक्षा खुशीत, कारण त्यांना हालअपेष्टांची सवय. वाचणारा म्हणतो, यात नवल ते काय, एवढ्यासाठी पाहणी कशाला? मग लाझार्सफेल्ड सांगतात की प्रत्यक्षात यातली प्रत्येक गोष्ट उलटी निघाली होती. आणि खरे निष्कर्ष आधी सांगितले असते, तर तेही आपल्याला ‘उघडच आहे’ असेच वाटले असते!

आपल्याकडचं उदाहरण हवं तर ‘पूर्वी सगळे एकत्र राहायचे, शहरं वाढली आणि घरं फुटली’ हे घ्या. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी गुजरातमधल्या राधवाणज या गावाची १८२५ सालची घरवार (घरनिहाय) नोंद तपासली, तर तेव्हाही लहान, साध्या घरांचंच प्रमाण जास्त होतं. गुजरातमधल्याच महुव्यात कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या आय. पी. देसाईंनी दुसरी बाजू दाखवली: चूल वेगळी झाली तरी मालमत्ता, लग्नकार्यं, अडीनडीची जबाबदारी एकत्र राहू शकते. म्हणजे ‘एकत्र’ कशाला म्हणायचं, हे ठरवल्याशिवाय मोजणीच सुरू होत नाही.

आता गूगल फॉर्म. इथे जरा थांबायला हवं, कारण हा गैरसमज विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत थेट उतरतो. ‘सर, दोनशे रिस्पॉन्स आले’ हे अभिमानानं सांगितलं जातं. ते दोनशे कोण, हे कुणी विचारत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि साप्ताहिकानं उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, तेही मंदीच्या काळात. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी कोण घेतं हाही प्रश्न होताच. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर (म्हणजे सगळ्यांच्या वतीनं निवडलेल्या थोड्या लोकांवर) विजेता बरोबर सांगितला. वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला फॉर्म भरणारे असतात आपल्यासारखेच. त्यावरून ‘आजच्या तरुणाईचं मत’ असा मथळा देता येत नाही.

बरं, नमुना नीट निवडला तरी माणसं जे सांगतात तेच करतात का? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर हिंडले. तेव्हा तिकडे चिनी लोकांविरुद्ध वातावरण होतं. २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, ‘चिनी पाहुणे चालतील का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त म्हणाले, नाही.

प्रश्न कसा विचारला यावरही बरंच ठरतं. घरातल्या बाईला ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं की ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर तयार असतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानं हा प्रश्न टाळून आदल्या दिवसाचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारले. तेव्हा कळलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि ते करणारे पुरुष ९७. ‘काही नाही’ म्हणजे जवळजवळ पाच तास.

सिद्धांत एकमेकांना खोडतात, ही तक्रार अर्धी खरी आहे. खोडतातच, आणि खोडायलाच हवेत. पण बऱ्याचदा ते वेगळ्या गोष्टीकडे बघत असतात. दहावीनंतर शाखा कशा वाटल्या जातात? प्रकार्यवादी (समाजाचा प्रत्येक भाग काय काम करतो हे बघणारा) म्हणेल, समाजाला वेगवेगळी कौशल्यं लागतात, त्यासाठीची ही निवड. संघर्षवादी (कोणाचा फायदा, कोणाचं नुकसान हे बघणारा) विचारेल, क्लासची फी कोणाला परवडली? आंतरक्रियावादी (माणसं एकमेकांशी कशी वागतात-बोलतात हे बघणारा) वर्गात बसून ऐकेल की ‘हा आर्ट्सवाला’ असं शिक्षकांनी म्हटल्यावर तो मुलगा स्वतःला काय समजू लागतो. तिघांना वेगवेगळी माहिती गोळा करावी लागेल. कधी मात्र समोरासमोर सामना होतो. जातीचं समर्थन ‘ही तर श्रमविभागणी’ असं केलं जायचं, डॉ. आंबेडकरांनी लाहोरसाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात दाखवलं की ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे आणि तीही उतरंडीची. तिथे दोन्ही मतांना सारखं वजन देऊन ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणता येत नाही.

प्रयोगांबद्दलचं विधान सरळ चूक आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. वेगळी होती फक्त नावं: सवर्ण, दलित, मुस्लिम. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५४८ जाहिराती आणि ४,८०८ अर्ज होते. पुढच्या टप्प्यात जाण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघालं (संधी सारखी असती तर ते १ आलं असतं). नुसती मुलाखत घेतली असती तर ‘आम्ही फक्त गुणवत्ता बघतो’ यापलीकडे काय हाती लागलं असतं?

राहिली पाठांतराची सूचना. ‘टीपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ अशाच प्रश्नांवर भर राहिला तर या विषयात पाठ करून मार्क मिळतात, हे मान्य. तो दोष प्रश्नपत्रिकेचा. लिटररी डायजेस्टचं कुठे चुकलं आणि तुमच्या प्रकल्पात तीच चूक कशी टाळाल, असा प्रश्न पाच मार्कांना विचारून बघा.