'येतो' म्हणून गेलेला माणूस

मराठी घरात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेला माणूसही 'येतो' म्हणतो आणि दहा मिनिटांत येतो. आमचे हे 'येतो' म्हणाले की मध्ये गॅसचे तीन सिलिंडर संपतात.

हे नौदलात आहेत, इलेक्ट्रिकल ब्रांचला. आम्ही कुलाब्याला नेव्ही नगरात क्वार्टरमध्ये राहतो. 2008 च्या ऑक्टोबरपासून एडनच्या आखातात चाच्यांवर नजर ठेवायला आपलं जहाज असतं, त्यामुळे पाळी फिरत फिरत आमच्या दारात येतेच. तारीख मात्र विचारायची नाही. विचारली की उत्तर ठरलेलं, "सांगता येत नाही." मीही आता विचारत नाही. ज्या दिवशी हे माळ्यावरून चिवड्याचा सर्वांत मोठा डबा स्वतःहून काढून देतात, त्या दिवशी मी मनात आठवडा मोजायला घेते.

निघायच्या आदल्या रात्री यांना एकदम संसार आठवतो. एरवी गॅसची नोंदणी कोणत्या नंबरवर करतात हेही माहीत नसलेला माणूस रात्री अकराला बसून फ्रीजवर चिकटवायची यादी लिहितो. त्या यादीला हे 'स्टँडिंग ऑर्डर' म्हणतात. या खेपेला सतरा कलमं होती. दुधाचा हिशेब, विम्याचा हप्ता, चिरंजीवांचे शुद्धलेखन. नववं कलम लाल पेनाने: 'इलेक्ट्रिकच्या कामाला कोणीही हात लावू नये.'

सासूबाई देवगडला असतात. लेक निघाला की त्या किनाऱ्यावर जाऊन समुद्रात नारळ सोडतात आणि शेजारणीला सांगतात, "माझो झील बोटीर असा." यांना ते 'बोट' झोंबतं. "आई, बोट नाही गं, युद्धनौका!" सासूबाई म्हणतात, "व्हय रे बाबा, पण बोटीतून जपून जा."

आणि मग जहाजाने धक्का सोडला की त्याच संध्याकाळी आमचा गीझर प्राण सोडतो. हा योगायोग नाही, चार खेपा झाल्या. आता पाहा, हजारो टनांच्या जहाजाचे दिवे, पंखे, पंप ज्या माणसाच्या भरवशावर चालतात, त्याच्या घरात बायको गॅसवर पातेल्यात पाणी तापवते. तक्रार नोंदवली. 'उद्या माणूस येईल' असं कळलं. हा 'उद्या' आणि यांचा 'येतो' एकाच गावचे.

शेवटी वरच्या मजल्यावरची शेजारीण धावून आली. विशाखापट्टणमची आहे, नवरा पाणबुडीवर, म्हणजे माझ्यापेक्षा सीनियर. माझ्या नवऱ्याचं जहाज निदान पाण्याच्या वर तरी असतं. तिच्या कमरेला किल्ल्यांसारखा टेस्टर. "दीदी, पहले मेन बंद," हा तिचा पहिला धडा. दोन महिन्यांत मी प्लगची वायर बदलायला, गीझरचं कॉइल ओळखायला आणि पावसात गॅलरीतल्या स्विचमध्ये पाणी गेलं की कोणता खटका पडतो ते अंधारात चाचपून सांगायला शिकले. नववं कलम फ्रीजवर होतं तिथेच होतं. मी त्यावर भाजीवाल्याचा नंबर चिकटवला.

फोन यायचा तो जहाज बंदराला लागलं की, बहुधा ओमानमधल्या सलालाहून. ओमान आपल्या दीड तास मागे. त्यामुळे यांना निवांतपणा मिळतो नेमका माझ्या कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला. 2024 च्या मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने 35 सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले, तेव्हा तर नागपूरपासून निपाणीपर्यंतच्या नातेवाइकांनी मलाच फोन केले. यांचं जहाज दुसरं, हे सांगून सांगून घसा बसला. एका मावशींना तेवढ्यावर समाधान नव्हतं. "बरं, पण खायला काय देतात गं त्यांना?" जणू मीच डबे पोचवते!

जाण्याचं एक वेळ सोसतं. खरी परीक्षा येण्याची. यंदा जुलैत जहाज परत आलं. "आलोच" असा निरोप मिळाला त्यानंतर ते बाहेर नांगर टाकून एक दिवस उभं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या नटून-थटून बसमधून लायन गेटने गोदीत. पाऊस नुकताच थांबलेला, बँड तयार, माझी पैठणी गुडघ्यापर्यंत भिजलेली. जहाज दिसलं आणि वाटलं, पाच मिनिटं. पण जहाज लावणं म्हणजे रिक्षा लावणं नव्हे. टगबोटी ढकलतात, दोर फेकतात, दोर पुन्हा फेकतात, आणि सात समुद्र ओलांडून आलेलं धूड शेवटच्या वीस फुटांना पाऊण तास घेतं.

डेकवर पांढऱ्या गणवेशातली रांग. मला हे दिसले, डावीकडून सहावे. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही, पण गणवेशात हलवत नसतील म्हणून मी दोन्ही हात हलवले. चिरंजीवांना खांद्यावर घेतलं, 'बाबा' म्हणून ओरडायला लावलं. डोळे भरून आले ते त्यातच. शिडी लागल्यावर सहावे खाली उतरले आणि एका पंजाबी बाईंच्या गळ्यात पडले. त्या बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. आमचे हे चाळीस मिनिटांनी उगवले. जहाज आत येताना इलेक्ट्रिकलची माणसं खाली आपापल्या जागी असतात म्हणे! लग्नाला अकरा वर्षं झाली, हे कोणी सांगायला नको?

घरी आल्यावर पहिल्यांदा धुपाची पुडी निघाली. सलालाचा धूप प्रसिद्ध, म्हणून हे दर खेपेला अर्धा किलो आणतात. आमच्या घरात आता एका मध्यम देवस्थानाला वर्षभर पुरेल इतका साठा आहे. मग पाहणी सुरू झाली. कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला का? डाळीचा डबा इथे कसा? कान्होजी आंग्रे मोहीम संपवून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर परतत, तेव्हा त्यांनाही मिठाची बरणी सापडत नसणार. पण कोणत्याही बखरीत याचा उल्लेख नाही, कारण बखरी बायकांनी लिहिल्या नाहीत.

जहाजावर गोडं पाणी मोजून वापरतात. तेव्हा मी आंघोळीला गेले की बाहेरून टकटक. "झालं का?" पोट ओमानच्या वेळेवर, म्हणून जेवण अडीचला. चिरंजीवांनी दोन दिवस हे सगळं पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आई, बाबांचं पुढचं सेलिंग कधी?" मी म्हटलं, "सांगता येत नाही."

तिसऱ्या रात्री पाऊस कोसळत होता. आणि लाइट गेली. मी झोपेतच कूस बदलली. हे मात्र ताडकन उठले. जहाजावर इंजिनांची, पंख्यांची घरघर चोवीस तास असते, त्यामुळे एकदम शांतता झाली की जनरेटर बसला असं समजायचं. "ब्लॅकआउट!" असं ओरडून हे धावले ते जिथून साडेचार महिन्यांपूर्वी दाराकडे मोकळी वाट होती तिकडे. तिथे आता कपाट आहे.

आवाज मोठा झाला. मी उठले, चाचपडत गॅलरीतला स्विच बंद केला, स्टुलावर चढले. तोवर हे टॉर्च घेऊन, कपाळ चोळत मागे उभे.

"अगं, काय करतेस? नऊ नंबर वाचला नाहीस?"

"वाचलाय."

"शॉक बसेल! बाजूला हो, मी बघतो."

"तुम्हाला आपल्यातला खटका कोणता ते माहीत आहे का?"

हे गप्प. बाहेर नुसता पाऊस. मी म्हटलं, "अहो, टॉर्च जरा डावीकडे धरा."

त्यांनी डावीकडे धरला.