मीठ पानात वाढा

लग्न आटोपलं की कार्यालयवाले दिवे मालवायला लागतात, आचारी भांडी मोजायला बसतो आणि नातेवाईक घरातला फोटोशॉप येणारा माणूस शोधायला लागतात. आमच्या घरात तो मी. फोटोग्राफरचा अल्बम यायचा तेव्हा येईल, तोवर ‘एकच फोटो जरा नीट करून दे, फ्रेम करायचाय’ असा निरोप येतो. ‘एकच’ आणि ‘जरा’ हे दोन्ही शब्द ज्यांना खरे वाटतात, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. त्यांचा संसार सुखाचा आहे.

‘जरा उजळ कर’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी ‘फार भगभगीत झालं रे’ म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी ‘पहिल्यासारखंच ठेव, पण थोडं उजळ’. हे तो मुद्दाम करत नाही. कोथरूडच्या माणसाला डोळ्यापुढे धरलेल्या मोबाइलवर जे दिसतं, तेच हडपसरच्या माणसाला घरच्या टीव्हीवर वेगळं दिसतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून फोटोत असं काहीच करायचं नाही, जे उद्या काढून घेता येणार नाही.

फोटोशॉपात एकाच कामाला दोन रस्ते आहेत. इमेज मेनूत अ‍ॅडजस्टमेंट्समध्ये जायचं, कर्व्ह्ज ही उजेड-सावली कमी-जास्त करायची चौकट उघडायची, तिच्यातली रेघ उचलायची, ओके करायचं. कंट्रोल-एम दाबलं तर तेही कष्ट नाहीत. हे आमटीत टाकलेलं मीठ. पडलं ते पडलं. दुसरा रस्ता म्हणजे लेअर, म्हणजे फोटोवर ठेवलेले पारदर्शक थर, ज्यात दिसतात त्या पॅनेलच्या तळाशी अर्धं काळं-अर्धं पांढरं वर्तुळ आहे त्यावर टिचकी मारून तिथलं कर्व्ह्ज घ्यायचं. रेघ तीच, चौकट तीच, पण हे मीठ पानात वेगळं वाढलेलं. याला म्हणतात अ‍ॅडजस्टमेंट लेअर. आमटी आहे तशी अळणी राहते. ज्याला जेवढं हवं त्याने तेवढं कालवून घ्यावं, नको असेल त्याने बाजूला सारावं. फोटोशॉप १९९० सालचं, त्यात लेअर आले १९९४ मध्ये आणि हे पानातलं मीठ १९९६ साली चौथ्या आवृत्तीत आलं. तरीही निम्मी जनता अजून आमटीतच हात घालते. कारण कंट्रोल-एम हाताशी असतं.

आमटी बिघडते कशी, तेही बघा. ८-बिट फोटोत लाल, हिरव्या, निळ्या अशा प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. उजळ करताना वरच्या काही पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि काही थेट २५५ वर जाऊन आपटतात. तिथे पैठणीचा पदर असला तर जरीतले मोर पांढऱ्यात बुडतात. मग दुसऱ्या दिवशी ‘भगभगीत’ ऐकून तोच फोटो खाली ओढायचा. मिसळलेल्या पायऱ्या परत वेगळ्या होत नाहीत आणि मोर बाहेर येत नाहीत, पांढऱ्याचा नुसता राखाडी होतो. असं तीन-चारदा केलं की हिस्टोग्रामला, म्हणजे कोणत्या पायरीवर फोटोचा किती भाग आहे ते दाखवणाऱ्या आलेखाला, तुटक्या कंगव्यासारखे दात दिसायला लागतात आणि स्टेजमागच्या सॅटिनच्या पडद्यावर पट्टे उमटतात. पडद्यावर डिझाइन होतं का, असं कुणीतरी विचारतंच.

‘पण हिस्टरी आहे ना, मागे जाता येतं’ असं म्हणणारे भेटतात. हिस्टरीत मुळात ५० पायऱ्या ठेवलेल्या असतात. ब्रशचा एक फटका म्हणजे एक पायरी, एवढ्यात तर नवरदेवाचा एक कानही रंगवून होत नाही. शिवाय फाइल बंद केली की हिस्टरी गेली. त्यातून गुरुवार असला आणि दुरुस्तीसाठी वीज गेली, तर फाइल बंद करायचे कष्टसुद्धा आपल्याला घ्यावे लागत नाहीत.

दुसरी एक सवय म्हणजे प्रत्येक बदलाआधी कंट्रोल-जे मारून अख्ख्या फोटोची प्रत काढणं. २४ मेगापिक्सेलचा फोटो ८-बिटमध्ये उघडला की मेमरीत साधारण ७० एमबी होतो, १६-बिटमध्ये दुप्पट. पाच नातेवाइकांच्या पाच प्रती काढा आणि पंख्याचा आवाज ऐका. अ‍ॅडजस्टमेंट लेअरमध्ये फोटो नसतोच. त्यात ‘मधला बिंदू एवढा वर’ इतकीच नोंद असते, म्हणून तो जागा जवळजवळ खात नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर ८-बिट फोटोवर असे दहा लेअर एकावर एक रचले तरी पट्टे दिसू शकतात, कारण गणित शेवटी त्याच २५६ पायऱ्यांवर चालतं. फरक एवढाच की खालचा फोटो शाबूत असतो. कॅमेऱ्यातून रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मिळाला असेल तर तो १६-बिटमध्ये उघडावा, तिथे पायऱ्या कितीतरी जास्त असतात. पण नातेवाइकांकडून रॉ मागणं म्हणजे दुकान दुपारी बंद असायचं त्या काळात चितळ्यांकडे दोन वाजता बाकरवडी मागणं. मिळाला तर कपाळाला लावावा.

लेअरना नावं द्यावीत. ‘कर्व्ह्ज १, कर्व्ह्ज २’ अशी नावं फोटोशॉप आपणहून देतं आणि चौथ्या दिवशी त्यातलं कोणतं कशाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. माझ्या फाइलीत लेअरना मागणी करणाऱ्याचं नाव असतं: ‘आत्या उजळ’, ‘काकू पडदा’, ‘मामा फेटा’. वाद झाला की त्या त्या माणसाच्या लेअरशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद करायचं, लेअर दिसेनासा होतो. घरात इतक्या शांतपणे कुणालाच गप्प बसवता येत नाही.

आत्याचा लेअर नीट बघण्यासारखा आहे. ‘उजळ’ म्हणजे तिच्या मनात गोरी. प्रत्यक्षात मंगल कार्यालयात दिवे डोक्यावर असतात, त्यामुळे सावली भुवयांखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि नवरी चार रात्री जागल्यासारखी दिसते. जागलेली असतेच म्हणा. दोष त्वचेचा नाही, दिव्याचा आहे. म्हणून कर्व्ह्जचा लेअर घ्यायचा, मधोमध, म्हणजे १२८ वर, टिचकी मारून बिंदू १४५ च्या आसपास न्यायचा आणि ब्लेंड मोड, म्हणजे लेअर खालच्या फोटोत मिसळायची रीत, ल्युमिनॉसिटी करायचा. नॉर्मलमध्ये ठेवला तर उजेडाबरोबर रंगांचा भडकपणाही बदलतो. आता अख्खा फोटो उजळला. लेअरसोबत आलेला पांढरा चौकोन म्हणजे मास्क. पांढरं तिथे परिणाम दिसतो, काळं तिथे झाकला जातो. कंट्रोल-आय दाबून मास्क काळा करायचा आणि मऊ कडेचा ब्रश, फ्लो (रंगाची धार) १०-१५ टक्के, पांढरा रंग घेऊन फक्त डोळ्यांखाली हलक्या हाताने फिरवायचा. एका फटक्यात काहीच झालं नाही असं वाटलं पाहिजे. पाचव्या फटक्याला नवरीची झोप झालेली असते. त्वचेच्या रंगाला हात लावलेला नसतो, तरी आत्या म्हणते, ‘बघ, कशी गोरीपान दिसतेय!’ मी वाद घालत नाही. लेअर उघडा आहे.

नवशिक्यांचा हात इथेच घसरतो. लेअर पॅनेलमध्ये चुकून खालचा फोटो निवडलेला राहतो आणि पांढरा ब्रश मास्कऐवजी नवरीवर चालतो. मुंडावळ्यांवर चुना फासल्यासारखा पट्टा आला की समजावं, कंट्रोल-झेड करून आधी वरचा लेअर निवडायचा. खूण सोपी आहे. मास्कवर असताना रंगाच्या चौकोनात फक्त काळं-पांढरं-राखाडी असतं. तिथे लाल-पिवळं दिसलं तर हात उचला. मुंडावळ्यांच्या मोत्यांभोवती ब्रश मोठा पडला की तेजोवलय उमटतं आणि नवरी संतमंडळींत जाऊन बसते. कड कुठे सांडली ते डोळे ताणून शोधत बसू नये. आल्ट दाबून मास्कवर टिचकी मारली की नुसता मास्क काळा-पांढरा समोर येतो. शिफ्ट दाबून टिचकी मारली तर मास्क तात्पुरता बंद होतो. आणखी एक, आधीचं एखादं बारीकसं सिलेक्शन (निवडून ठेवलेला भाग) चालू असताना नवा लेअर घेतला तर ते सिलेक्शनच मास्क बनतं. मग कर्व्ह कितीही ताणला तरी बदल फक्त वरातीतल्या बँडवाल्याच्या टोपीवर. आधी कंट्रोल-डी दाबून सिलेक्शन सोडायचं.

काकूंना मागून जेवणाचं ताट घेऊन जाणारा इसम नको असतो. तो पुसण्यासाठी वेगळा रिकामा लेअर घ्यायचा, तोही फोटोच्या लगेच वर आणि सगळ्या अ‍ॅडजस्टमेंटच्या खाली. क्लोन किंवा हीलिंग ब्रश शेजारचा भाग उचलून नको त्या जागी लावतो; त्याला सॅम्पल, म्हणजे कुठून उचलायचं ते, ‘करंट अँड बिलो’ (हा लेअर आणि त्याखालचे) ठेवायचं. ‘ऑल लेअर्स’ ठेवलं तर ब्रश वरून उजळलेला रंग उचलून खाली लावतो, त्यावर कर्व्ह्ज पुन्हा चढतो आणि ताटवाला गेला तरी त्याचं भूत उजळ ठिगळ होऊन मागे उभं राहतं.

फेटा मात्र कसोटी बघतो. मामांचा फेटा लाल, साडी मोरपिशी. ‘फेटा साडीला मॅच कर.’ ह्यू-सॅच्युरेशनचा लेअर घेऊन यादीतून रेड्स (लाल छटा) निवडलं आणि ह्यूची, म्हणजे रंग बदलायची, पट्टी ओढली की फेटा मोरपिशी होतो, कुंकू मोरपिशी होतं, ओठ, अक्षता, आत्याचे गाल सगळंच मोरपिशी होतं. माणसाच्या त्वचेत लाल-पिवळंच भरलेलं असतं, त्याला कोण काय करणार. उपाय असा: आधी मुद्दाम पट्टी पार टोकाला नेऊन सगळं विचित्र दिसू द्यायचं. मग ड्रॉपरने फेट्यावर टिचकी मारायची आणि खालच्या रंगपट्टीवरचे खुंटे आत आत सरकवायचे, गाल माणसात येईपर्यंत. एवढं झाल्यावर ह्यू हव्या त्या जागी आणायचा. कुंकू तरीही हट्ट करतं, ते मास्कमध्ये काळ्या ब्रशने वाचवायचं. फेट्याच्या चुण्यांतल्या गडद लालाकडे विशेष लक्ष ठेवावं, तिथे जुना रंग दडून बसतो.

मामांना तोच फोटो चौकातल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवरही हवा असतो. फ्लेक्सवाल्याने सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीतली फाइल, मागितली की मूळ फाइलचाच मोड बदलू नये. व्हायब्रन्स आणि ब्लॅक अँड व्हाइटचे लेअर सीएमवायकेत चालत नाहीत, आणि राहिलेले लेअर तिथे तसेच दिसतील याचा भरवसा नाही. फाइलची प्रत काढून ती फ्लॅटन करायची, म्हणजे सगळे लेअर एकात दाबायचे, आणि मग मोड बदलायचा. मोरपिशी थोडा मळणारच. शाईला पडद्यासारखा उजेड नसतो. घरच्यांना पाठवताना एसआरजीबीत, म्हणजे मोबाइल-टीव्हीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, जेपीजी काढायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून टाकायची, फोटो म्हणून टाकली तर ती चेपून जाते. पीएसडी, म्हणजे लेअरसकटची फोटोशॉपची फाइल, जपून ठेवायची. जेपीजीत लेअर राहत नाहीत.

ज्यांना फोटोशॉपचं भाडं परवडत नाही त्यांच्यासाठी गिंप या फुकटच्या प्रोग्रॅममध्येही मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लावून नंतर बदलता येतात, त्यामुळे आता आमटीत हात घालायला कुणालाच सबब उरलेली नाही.

काल रात्री साडेदहाला मामांचा निरोप आला. फेटा वांगी रंगाचा हवाय, जरा. ‘मामा फेटा’वर दोनदा टिचकी, ह्यूची पट्टी थोडी उजवीकडे. कुंकवाचा मास्क आधीच घातलेला आहे.