जावा नेमकं कशानं हरलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ब्रिटन-अमेरिका युद्धातल्या, अमेरिकन युद्धजहाज 'कॉन्स्टिट्यूशन' आणि ब्रिटिश युद्धजहाज 'जावा' यांच्या २९ डिसेंबर १८१२ च्या लढाईवरचा माझा लेख तुम्ही बारकाईनं वाचलात, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. जावावरून प्रवास करणारा ब्रिटिश जनरल हिस्लॉप मुंबईचा गव्हर्नर नव्हता. मोठ्या जहाजानं लहान जहाज फोडलं तर त्यात कॉन्स्टिट्यूशनच्या कॅप्टन बेनब्रिजचं कौतुक कसलं. आणि मुंबईचा संबंध मी ओढूनताणून आणलाय.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. तेव्हा गव्हर्नर होता इव्हन नेपियन. हिस्लॉप मुंबईच्या फौजेचा सेनापती म्हणून निघाला होता. 'गव्हर्नर' हा शब्द चुकीचा होता. मी तो न तपासता उचलला. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या आक्षेपात तुम्ही '४४ विरुद्ध ३८ तोफा' असा हिशेब मांडलाय. हे आकडे जहाजाचा वर्ग सांगतात. प्रत्यक्षात दोन्हींवर तोफा जास्त होत्या. खरा फरक मुख्य तोफमजल्यावर दिसतो. कॉन्स्टिट्यूशनच्या एका बाजूला २४ पौंडी, म्हणजे २४ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या, १५ तोफा; म्हणजे एका फैरीत ३६० पौंड लोखंड. जावाच्या एका बाजूला १८ पौंडी १४, म्हणजे २५२ पौंड. शिवाय अमेरिकन जहाजाचा सांगाडा जॉर्जियातल्या लाइव्ह ओक या झाडाच्या लाकडाचा, चिवट आणि दाट. थोडक्यात, तुमचा मुद्दा तुम्ही मांडलात त्याहून भक्कम आहे. पण तेवढ्यावर निकाल लागला असं मला वाटत नाही.

घड्याळ बघा. दुपारी दोनच्या सुमारास मारा सुरू झाला. अडीच वाजता कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचाक उडालं. आता सुकाणूचा दांडा खालच्या मजल्यावर माणसांनी दोर ओढून वळवायचा, आणि हुकूम वरून खाली तोंडातोंडी पोचवायचा. वळताना सुकाणू आणि शिडं एकाच वेळी फिरवावी लागतात. हुकूम उशिरा पोचला की जहाज अर्धवट वळून अडकतं. त्यात जावा चालायला जास्त वेगवान. लॅम्बर्टला म्हणजे तिच्या कप्तानाला हवं होतं ते हेच : लांब राहायचं, पुढे निघायचं आणि आडवं येऊन नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, मारा करायचा. अशा माऱ्यात गोळा जहाजाच्या लांबीभर आरपार जातो आणि समोरच्याला उलट मारा करायला जेमतेम एकदोन तोफा मिळतात.

दोन चाळीसला बेनब्रिजनं, जखमी असताना, पुढचं आणि मधलं अशी दोन्ही मोठी खालची शिडं सोडायला लावली. लढाईत ही शिडं सहसा गुंडाळून ठेवत, कारण तोफांच्या ठिणग्यांनी ती पेट घेतात. सोडली तर वेग मात्र मिळतो. त्या वेगावर तो जावाला भिडला. तीन वाजता जावाच्या नाळेपुढची तिरपी काठी टोकाशी तुटली. त्या काठीला बांधलेली त्रिकोणी शिडं नाळ वाऱ्यातून पलीकडे फिरवतात. ती गेल्यावर जावाला झटकन वळता येईना, आणि ज्या माऱ्याची लॅम्बर्टला आस होती तोच तिच्यावर झाला. तीन पाचला पुढची डोलकाठी पडली. नंतर पडलेल्या काठ्यांचा, दोरांचा, शिडांचा ढीग बाजूवर लोंबकळत राहिला. त्यातून तोफ डागली की आपलंच कापड पेटायचं. ५ वाजून २५ मिनिटांनी जावाचं निशाण उतरलं, म्हणजे ते शरण आलं.

जावाचे खलाशी नवखे होते. दारू भरून तोफा डागायचा त्यांचा सराव झाला तो लढाईच्या आदल्या दिवशी, तोही बिनगोळ्याच्या सहा फैरींचा. २४ पौंडी गोळ्यानं काम सोपं झालं हे खरंच. पण चाक गेलेलं जहाज वळतं ठेवणं ही गोळ्याच्या वजनाची गोष्ट नव्हे.

तुमच्या तर्काची परीक्षा घ्यायची तर वजन समान असलेली लढाई घ्या : १ जून १८१३, बॉस्टनसमोर अमेरिकन 'चेसापीक' आणि ब्रिटिश 'शॅनन'. दोन्हींवर १८ पौंडीच तोफा. शॅननचा कप्तान ब्रोक तिच्यावर १८०६ पासून होता. त्यानं तोफांना नेम धरायच्या पट्ट्या बसवल्या होत्या, आणि सगळ्या तोफा एकाच ठिकाणी रोखता याव्यात म्हणून डेकवर कोनाच्या खुणा कोरल्या होत्या. चेसापीकचा कप्तान लॉरेन्स याला जहाज हाती घेऊन दोन आठवडेही झाले नव्हते. इथेही चेसापीकचं चाक उडालं, पुढच्या शिडांचे दोर तुटले, आणि जहाज आपोआप वाऱ्यात तोंड खुपसून उभं राहिलं. पाव तासात सगळं आटोपलं. हरले ते अमेरिकन.

तिसऱ्या आक्षेपावर मी मागे हटणार नाही. जावाच्या पोटात मुंबईच्या गोदीसाठी तांब्याचे पत्रे होते. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली तिथे ७४ तोफांचं ब्रिटिश युद्धजहाज 'कॉर्नवॉलिस' तयार होत होतं. सागवान कितीही टिकाऊ असलं तरी तळाला शिंपले धरतात आणि वेग मारला जातो, म्हणून पत्रा हवा. ३१ डिसेंबरला बेनब्रिजनं जावा जाळलं. हिस्लॉप सुटला, आणि पाच वर्षांनी महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला. फेब्रुवारी १८१८ मध्ये तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी देणारा सेनापती तो हाच. धुळे-शिरपूरकडच्या वाचकांना हे ओढूनताणून वाटणार नाही.

कॉर्नवॉलिस अर्थात पुरं झालं. एप्रिल १८१५ च्या अखेरीस त्यानं अमेरिकन 'हॉर्नेट'चा दक्षिणेच्या समुद्रात पाठलाग केला. ब्रिटन-अमेरिका तह होऊन गेल्याचा दोघांनाही पत्ता नव्हता. हॉर्नेटचा कप्तान बिडल यानं नांगर, होड्या, तोफा असं जे जे जड ते समुद्रात टाकत पळ काढला. तो निसटला तेव्हा जहाजावर एकच तोफ उरली होती.