सोडा, गरम पाणी आणि स्वेटर

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की नाशिकच्या ग्रुपांवर दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो: ‘लोकरी कपडे गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवा, घट्ट पिळा, कडक उन्हात दोरीवर वाळवा, कपाटात डांबरगोळ्या ठेवा. कसर लागणार नाही, स्वेटर नवा राहील.’ कृपा करून हे करू नका.

आधी गरम पाणी. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. आईने सुयांवर विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर मी असाच घालवला. उलट-सुलट टाके दिसेनासे झाले, वीण नमद्यासारखी जाड झाली आणि माझा स्वेटर आठ वर्षांच्या पुतण्यालाही होईना. आटलेली लोकर ओढून पूर्ववत होत नाही, मी दोन दिवस ओढून पाहिली.

सोडा तर त्याहून वाईट. लोकर म्हणजे केसच, प्रथिन. सोड्याने ते कमजोर होतं, ब्लीचने चक्क विरघळतं. डाग काढणाऱ्या एन्झाइमच्या पावडरीही नकोत. साध्या किंवा जेमतेम कोमट पाण्यात रिठा नाहीतर लोकरीचं सौम्य लिक्विड घाला आणि हलक्या हाताने दाबा.

पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. दोरीवर टाकलेला ओला स्वेटर स्वतःच्याच वजनाने लोंबतो, म्हणून सावलीत चटईवर पसरा.

डांबरगोळ्यांचं म्हणणं अर्धंच खरं. त्यांची वाफ बंद डब्यात साठली तरच उपयोग, रोज उघडणाऱ्या कपाटात नुसता वास राहतो. शिवाय भोकं पाडते ती पतंगाची अळी, आणि तिला घामाचे, तेलातुपाचे डाग लागलेली लोकर जास्त आवडते. त्यामुळे थंडी सरल्यावर स्वेटर धुऊन, खडखडीत वाळवूनच डब्यात ठेवा. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मात्र या गोळ्या अजिबात नकोत. जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांच्या वाफेने फुटू शकतात.

‘आम्ही वर्षानुवर्षं असंच धुतो, काही होत नाही,’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या स्वेटरच्या आतल्या शिवणीतला एक धागा काढून आम्ही जाळून पाहिला. लोकर असती तर केस जळाल्याचा वास आला असता आणि बोटात चुरडेल अशी राख उरली असती. धागा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. स्वेटर अॅक्रिलिकचा होता. त्याला खवलेही नसतात आणि कसरही सहसा लागत नाही.